थांबले नाहीत

“सरासरी वाट बघण्याचा वेळ चाळीस सेकंद,” प्रज्ञेश पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला. “म्हणजे चार ऑपरेटर लागतच नाहीत. दोन बस्स.”

वर्गातल्या बाकीच्या सिस्टिम अ‍ॅनालिस्टांनी माना डोलावल्या. हैदराबादेत, हिमायतनगरच्या त्या कंपनीत रेणुका त्यांना रांगांचं गणित शिकवत होती, आणि हा त्यातला शेवटचा प्रकल्प होता. तिनं होकार दिला की सोमवारपासून एका इस्पितळाच्या अँब्युलन्सच्या फोनवर चौघींऐवजी दोघीच बसणार होत्या.

“ह्या ओळींपुढं वाट बघण्याचा वेळ शून्य का रे?” रेणुकानं विचारलं.

“त्यांनी कॉल कट केला, मॅडम.”

“मग?”

“मग ते थांबले नाहीत.”

रेणुकानं मार्कर खाली ठेवला. ती मार्कर ठेवते तेव्हा काय होतं, हे वर्गाला ठाऊक होतं.

“थांबून थांबून माणूस शेवटी थांबायचं थांबतो. आणि तू लिहितोस, थांबलाच नाही?”

बाकीचे सगळे तेलुगू, त्यामुळं भांडण मराठीत करण्याची सोय होती. प्रज्ञेशनं त्या सोयीचा फायदा घेतला. जवळ येऊन हळूच म्हणाला, “मावशी, प्लीज. सोमवारी लाइव्ह जायचंय.”

“मावशी तारनाक्याच्या घरी, तुझ्या आईच्या स्वैपाकघरात. इथं नाही.”

“बरं, मग त्या ओळी डिलीट करतो.”

“वा! आधी शून्य धरून सरासरी खाली आणलीस, आता पुसूनच टाक.”

मागच्या खुर्चीवर ट्रेनिंग मॅनेजर सुरेश बसला होता. कुळानं तोही मराठीच, पण चार पिढ्या हैदराबादी. “जाने देव ना मॅडम,” तो हसत म्हणाला. “मॉडेल तर बरोबर आहे. फॉर्म्युला तुम्हीच शिकवला की.”

“फॉर्म्युला मी शिकवला. हे शून्य कुणी शिकवलं?”

सुरेशचं हसू तसंच राहिलं. काढून कुठं ठेवावं ते त्याला सुचेना.

“कॉल रेकॉर्ड होतात ना?” तिनं प्रज्ञेशला विचारलं.

“हौ. लाइनवर आल्यापासून.”

“शून्यवाला एक लाव. कुठलाही.”

त्यानं लावला. आधी सतारीची धून. मग तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, हे तेलुगूत, हिंदीत, इंग्रजीत. पुन्हा सतार. कुणीतरी हसलं. मग सतारीमागून एका म्हातारीचा आवाज आला. ती फोनशी बोलत नव्हती.

“फोन उठारें जी, अब्बी उठारें. आंखां खुल्ली रखो. मैं इधरीच हूं ना.”

सतार. महत्त्वाचा कॉल. सतार.

“पानी नक्को, पानी नक्को पिलाव उनकू... उठारें जी, उठारें.”

हे मात्र दखनीत होतं; समजायला वर्गात कुणालाच मराठी लागली नाही. पहिल्या रांगेतल्या श्रुतीनं हातातला पेन टेबलावर ठेवला, आवाज न करता. सतार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

“नै उठारें. जाव बेटा, बाहर ऑटो देखो.”

खट्.

“किती थांबली?” रेणुकानं विचारलं. आवाज तिनं चढवला नव्हता. तो आपणच चढला होता.

प्रज्ञेशनं शून्य खोडलं. रेकॉर्डिंगची वेळ बघून तिथं चार मिनिटं टाकली. बोट तसंच धरून तो पडद्याकडे बघत राहिला, मग चारही खोडलं.

“चार तर फोनवर झाली, मॅडम. नंतर ऑटो मिळेपर्यंत पण...” त्यानं हात कीबोर्डवरून काढला. “तो आकडा आपल्याकडं नाहीच.”

रकाना रिकामाच राहिला. त्याखाली, पडदा संपेपर्यंत, शून्याखाली शून्य.

सुरेश खुर्चीवरून अर्धा उठला. “मॅडम, एका कॉलवरनं काय सिद्ध होतं? लंच टाइम बी होऊन गेला.”

रेणुकानं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

“प्रज्ञेश,” ती म्हणाली, “पुढचा लाव.”