रुखवतातली लेस

“रुखवतात देखावाच न्हाई, नुसते उशीचे अभ्रे मांडलेत,” निलंग्याहून आलेली नवरदेवाची मावशी पुटपुटली, पण त्यांची लेस चिमटीत धरताच वाकून निरखू लागली. क्रोशाची इतकी बारीक वेल तिनं पाहिलीच नव्हती. पुढ्यात नवरीच्या नावाची चिठ्ठी होती: ‘तनुजाच्या हातची कलाकुसर’. खरी विणणारी शेजारीच उभी होती, नवरीची बिनलग्नाची आत्या तारामती. थोरल्या भाच्यांच्या रुखवतातही हीच लेस मिरवली अन् वऱ्हाड पांगल्यावर तिच्या पेटीत परतली होती. “तुमच्या रुखवतात काय होतं हो?” मावशीनं तिला सहजच विचारलं. “ताईला लग्नाची हौसच नव्हती,” भावजय घाईनं म्हणाली. या वाक्यावर तारामती तीस वर्षं मान डोलवत होती. आज म्हणाली, “हौस होती, वैनी. ही लेस माझ्याच लग्नासाठी विणली. स्थळं बी आली. दादानं माघारी लावली, कारण माझ्या शिलाईवर तुमचं घर चालत होतं.”