हसत दिलेली किल्ली

मलईच्या रंगाची डुक्कर फियाट. रंगाचा वास अजून गेलेला नाही.

कमरबीच्या गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा. नवरा असलेल्या बाईनं घालायचा.

सांगोल्याच्या डाळिंबवाल्यानं जुनी जीप नेली, तेव्हा जुन्या गाड्यांचा व्यापारी शरणप्पा त्याला म्हणाला, “मालकानं हसत हसत किल्ली दिली बघा.”

नवी पेठेत भांडं घेतलं की दुकानदार विचारतो, नाव काय घालायचं?

सबा गाडीखालून सरपटत बाहेर आली. “इंजिन मूळचंच आहे.”

“मग? नवरीगत हाय म्हणलं नव्हतं का?” शरणप्पा खुर्चीतून म्हणाला.

“नवरीला पावडर जरा जास्तच झालीय. सीटा नव्या कशाला घातल्या?”

“उंदरांनी खाल्ल्या होत्या की मॅडम. वरातीत फाटकं लुगडं नेसवायचं का?”

जुन्या गाड्यांची पारख हे सबाचं पोटापाण्याचं काम. कुठला भाग कारखान्यातून आलेला आणि कुठला मागून चिकटवलेला, ते ती सांगायची. पुण्याच्या एका हॉटेलवाल्याला ही फियाट दर्शनी भागात मांडायची होती. रस्त्यावर आणायचीच नव्हती, त्यामुळे कागदपत्रांशी त्याला घेणंदेणं नव्हतं. गाडी अस्सल आहे, एवढं सबानं लिहून दिलं की सौदा पक्का.

तिनं डॅशबोर्डमागं बोट फिरवलं. करडी, पिठासारखी माती निघाली. इकडच्या गाड्यांत धूळ भरतेच, म्हणून तिनं बोट पुसून टाकलं. मग ड्रायव्हरच्या दाराची काच खाली घ्यायला गेली आणि हात तिथंच थांबला.

काचेचं हँडल पितळी होतं. चपटं, एका पळीचा कापलेला दांडा. त्यावर ठोकून घातलेलं नाव होतं : कमरबी.

अब्बांनी अम्मीच्या माहेरच्या पळीचा दांडा कापून दाराला लावला, तेव्हा सबा दुसरीत होती. अम्मी आठवडाभर चुलीपुढून ओरडत होती, “आता गाडीलाच वाढा जेवायला!” आणि अब्बा, म्हणजे खाजाभाई, नुसते हसत होते. पुढं एकदा ते मंगळवेढ्याचं भाडं घेऊन गेले. ना ते आले, ना गाडी. चाचा म्हणाले, विजापुरात दुसरं घर मांडलं असणार. अम्मीनं त्यांना दारातून हाकलून दिलं. लच्छा काही उतरवला नाही.

आता अम्मी अंथरुणाला खिळलेली. सकाळीसुद्धा तेच म्हणाली होती, “सबा, मेला असंल तर फातिहा पढू दे. जिता असंल तर गाली देऊ दे. एक काय ते कळू दे मला.”

“ही कुणाकडून घेतली?” सबानं विचारलं.

शरणप्पानं तिच्या हातातल्या पेनाकडं पाहिलं. “मालकाकडनंच की. हसत हसत किल्ली दिली.”

“तुमच्या हातात?”

“ह्याच हातात. च्या पिऊन गेला.”

“तब्येत कशी होती त्यांची?”

“खणखणीत! तुमी लईच खोलात शिरताय, मॅडम.”

“एकटेच आले होते?”

“एकटा कशाला? बाई होती, दोन पोरं होती. गाडी देऊ नका म्हणून पोरं रडायला लागली. लई जीव गाडीवर. घरची गाडी हाय ही, अपघाताची न्हाय. लिवा तुमी बिनघोर.”

हे असलं वाक्य सबानं किती आवारांतून ऐकलं होतं, आणि एकदाही कान दिला नव्हता. आज दिला. तिनं लिहिलं, गाडी अस्सल आहे. एक हँडल तेवढं मूळचं नाही. ते तिनं काढून पर्समध्ये टाकलं.

“न्या की, भंगारच हाय ते,” शरणप्पा म्हणाला.

अम्मीच्या डोळ्यांना आता नीट दिसत नव्हतं. तिनं बोटांनीच स्वतःचं नाव वाचलं. “कुटं मिली?”

सबानं सगळं सांगितलं. चहा, बाई, पोरं. काहीच लपवलं नाही.

“दोन पोरं?”

“दोन.”

“हसत होता?”

“हसत होते म्हणे.”

कमरबी उठून बसली. कुणी हात न देता बसली, कित्येक महिन्यांनी. लच्छा तिनं एका हिसक्यात तोडला. मणी खाटेखाली घरंगळले, ते कुणी उचलले नाहीत.

“तुझा चाचा खरा निघाला,” ती म्हणाली. “आणि मी त्याला दारातनं हाकलला. बोलव त्याला. माफी मागते मी.”

“अम्मी, झोप आता.”

“फातिहा नको, ऐकलं? त्या हरामखोराच्या मरणाची खबर आली तरी पढायचा नाही. कसम घे.”

सबानं कसम घेतली.

कमरबी गेली ती शिव्या देतच. मातीला चाचा सगळ्यांच्या पुढं होते. परतताना कुणीतरी खाजाभाईंसाठीही दुआ मागायला हात वर केले, तेव्हा सबानं ते हात धरून खाली केले.

आदल्या उन्हाळ्यात मंगळवेढ्याच्या वाटेवरची एक जुनी दगडखाण तळापर्यंत आटली होती. शरणप्पानं क्रेन लावून फियाट तिथून वर काढली, तेव्हा मालक ड्रायव्हरच्या सीटवरच होता.