डुलणारा तारा

“माझे निर्णय मी एकटाच घेतो,” म्हणताना इंद्रनीलची मान पुन्हा स्वयंपाकघराकडे वळली. आईबरोबर मुलाचं घर बघायला आलेल्या ऋजुताने मनात मोजलं, चौथ्यांदा.

वेधशाळेतल्या कामात महाकाय ताऱ्यांचे जोडीदार ती असेच शोधायची. दुर्बिणीत एकच तारा दिसायचा. पण तो सारखा डुलत असेल, तर जवळ दुसरा दडलेला असणारच.

“आत कोण आहे?” तिने विचारलं. त्याची आई ओशाळत बाहेर आली. बोलण्याआधी तिने बाल्कनीकडे पाहिलं. तिथून त्याची आत्या आली.

“एक तारा वाटला, निघाले तीन!” ऋजुता हरखली.

“मग होकार समजायचा ना?” इंद्रनीलने विचारलं.

ऋजुताने तोंड उघडलं आणि तिची मान आपसूक शेजारी बसलेल्या आईकडे वळली.

“पाच झाले हो!” आत्या म्हणाली.