कात्सुएई-मारूची रेंज

बोटीची बॅटरी भरलेली होती. फ्यूज शाबूत होता. वायरींची टोकं फुमिनोने एकेक करून हलवून पाहिली. एकही सैल नव्हतं. तरी फोनवर तीच ओळ होती : कात्सुएई-मारू, संपर्क नाही.

"काय म्हणतंय गं तुझं यंत्र?" धक्क्यावरून आईने विचारलं. पाऊस नुसता नावाला होता, पण तिने छत्री दोन्ही हातांनी धरली होती.

"वर ये ना आई. जरा टॉर्च धर."

"मी? नको बाई. बोटीची देवी भारी मत्सरी. एकटी बाई चढली की बिथरते."

"आपण दोघी आहोत."

"मग दोघींवर बिथरेल. तुझं चालू दे." आणि लगेच, "डावीकडच्या फळीवर पाय नको देऊस, ती परवापासून हलतेय."

फुमिनोने मान वर केली नाही. परवापासून.

ते यंत्र तिनेच बाबांना बसवून दिलं होतं. तळातलं पाणी उपसणारा पंप बॅटरी संपवतोय का, हे बघायला त्यांनी भर वादळात बंदरावर धावत जाऊ नये, म्हणून. वसंतात बाबा गेले. ती राहायची त्या ओसाकात, तिच्या फोनवर, कात्सुएई-मारूच्या वीजवापराची रेषा मात्र उमटत राहिली. दिवसभर ती तळाशी पडून असायची. पंप लागला की उसळायची. आणि रोज संध्याकाळी तासभर, केबिनमधल्या एका दिव्याला लागेल एवढीच, वर उचलली जायची. ती खाली बसली की फुमिनो घरी फोन लावायची, आणि मग जेवायला घ्यायची. फोनवर आई 'ठीक आहे' एवढंच म्हणे. बाबा गेले त्या सकाळीही तिने फोन उचलून आधी 'ठीक आहे' असंच म्हटलं होतं. गेल्या आठवड्यात रेषा यायची थांबली, आणि नुसत्या 'ठीक आहे'वर दिवस काढणं फुमिनोला जमेना, म्हणून ती घरी आली होती.

ती वाकून केबिनमध्ये शिरली. सुकाणूमागच्या बाकावर घरातली उशी होती. खुंटीला बाबांची टोपी, धुतलेली. यंत्राच्या जागी, फळीवर, पत्र्याचा डबा होता. तांदळाच्या खारट बिस्किटांचा, सेम्बेईचा. झाकणाच्या कडेने चंदेरी पट्टी चिकटवलेली. आई ओट्याच्या फटींना लावते तीच. वायरीपुरती पत्र्याला खाच पाडून, वायर कापू नये म्हणून तिथे चिंधी गुंडाळली होती.

फुमिनोने नखाने पट्टी सोडवली. आत, नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या, पाकिटांतून निघणाऱ्या ओल शोषायच्या पुड्यांची गादी होती. किती महिने जमवल्या असतील कोण जाणे. त्या गादीवर यंत्र निजवलं होतं. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. बिचारं आठवडाभर बोलतच होतं. पत्र्याबाहेर काही जात नव्हतं.

"आई, हे डब्यात कोणी ठेवलं?"

छत्री जराशी हलली. "तुझ्या बाबांनीच असेल. ओल लागते म्हणून. त्यांना ओलीचं फार. पावसाळ्यात मीठसुद्धा डब्यात घालायला लावायचे."

फुमिनोने झाकण उलटून पाहिलं. करड्या रंगावर फिकट पांढरी कमळं. हे डबे तिनेच निवडले होते, अंत्यसंस्काराला आलेल्या लोकांना परतभेट म्हणून. त्यातले उरलेले तिने स्वतः स्वयंपाकघरातल्या कपाटावर ठेवले होते. बाबांनी हा डबा कधी पाहिलाच नव्हता.

"हो," ती म्हणाली. "बाबांनीच ठेवला असेल."

आई धक्क्याच्या कडेपर्यंत आली.

"बिघडवलं का त्यांनी?"

"नाही गं. उलट छान कोरडं राहिलंय. फक्त पत्र्यातून याला रेंज मिळत नाही."

"मग प्लास्टिकचा देऊ? उमेबोशीच्या लोणच्याचा रिकामा झालाय."

"दे. पण नीट धू, नाहीतर यंत्राला आंबट ढेकर येतील."

आई हसली. घरी जाऊन डबा घेऊन आली आणि कठड्यावरून वाकून दिला. पाय मात्र धक्क्यावरच. फुमिनोने पुड्यांची गादी जशीच्या तशी त्यात उचलून ठेवली, वर यंत्र. फोनवरची ओळ बदलली.

"आलं?"

"आलं."

"त्यात तुला काय काय दिसतं गं?"

"बॅटरी. पंप किती चालला ते."

"आणि?"

"आणि काय दिसणार, आई."

पाऊस थांबला होता. आईने छत्री मिटली, झटकली, पुन्हा झटकली.

"गेला आठवडाभर तुझे फोन फार अवेळी येत होते," ती म्हणाली.

दुपारच्या फेरीबोटीत फुमिनो मागच्या कठड्याशी उभी राहिली. लख्ख ऊन पडलं होतं. निरोप घेताना आईने नारिंगं न सोलताच तिच्या पिशवीत कोंबून, "जा आता, सुटेल," एवढंच म्हटलं होतं. धक्क्यावर आता ती दिसत नव्हती.

फुमिनोने सवयीने फोन उघडला. रेषा तळाशी होती. मग, बघता बघता, एका दिव्याएवढी वर आली.

तिने मान वर केली. बंदरात, भर उन्हात, कात्सुएई-मारूच्या केबिनमध्ये दिवा लागला होता. आणि बाहेर कठड्याला, सगळ्या बंदराला दिसेल अशी, आईची छत्री वाळत घातली होती.