चारी बाजूंनी सारखा

"सही कर गं उन्नती, गारी कधीची उभी हाय," हरेशशेठ म्हणाले. सासरे असले तरी कारखान्यात सगळे त्यांना शेठच म्हणत. आणि उन्नती तिथे सून नव्हती, रसाच्या तपासणीची प्रमुख होती. निदान दारावरच्या पाटीवर तरी तसं लिहिलं होतं.

तळोज्यातल्या या कारखान्यात रस तापवत नाहीत. तापवला की जंतू मरतात, तशी चवही मरते. डाळिंबाचा रस काढ्यासारखा लागायला लागतो. म्हणून बंद बाटल्या पाण्यानं भरलेल्या जाड पोलादी नळकांड्यात ठेवायच्या आणि पाण्याचा दाब वाढवत न्यायचा, खोल समुद्राच्या तळाशी असतो त्याच्याही कितीतरी पट. जंतू मरतात, रस ताजा तो ताजाच. पाहुणे आले की हरेशशेठ बाटल्यांबरोबर पाण्याच्या पिशवीतून एक द्राक्षही आत पाठवत आणि अख्खं बाहेर काढून दाखवत. "दाब चारी बाजूंनी सारखा परला ना, तर द्राक्ष पन फुटत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पण त्यामुळेच एक पंचाईत होती. दाबलेली बाटली आणि कच्ची बाटली, दोघी जुळ्या बहिणी. बघून काही सांगता यायचं नाही. म्हणून उन्नतीनं जमिनीवर पिवळी पट्टी मारून घेतली होती. अलीकडे कच्चा माल, पलीकडे दाबलेला. पलीकडचा सगळा माल दाबलेला आहे, अशी कागदावर तिची सही झाली की मगच गाडी सुटायची. मशीनमधून गेल्याशिवाय एकही पेटी पलीकडे जायची नाही. हा नियम मोडणाऱ्याची ती गय करत नसे.

आज सकाळी तो तिच्या सासूबाईंनीच मोडला. पहिला कंटेनर परदेशी निघणार म्हणून सरस्वतीबाई नावड्याहून आरतीचं ताट घेऊन आल्या. मशीनसमोर रास भरलेली दिसायला हवी, म्हणून त्यांनी दोन्हीकडच्या पेट्या पुढ्यात मांडायला लावल्या. मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पूजेत मांडलेली वस्तू मागे न्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा सगळ्याच्या सगळ्या पेट्या वाजतगाजत पुढे, पट्टीपलीकडच्या शीतगृहात गेल्या. तपासणीच्या प्रमुख तेव्हा कुठे होत्या? सूनबाई म्हणून गेटवर पाहुण्यांना पेढे वाटत होत्या.

हमालांच्या मुकादमानं, नामानं, ते खालमानेनं तिच्या कानावर घातलं. तिनं लगेच शेठना गाठलं. माल मिसळलाय, सगळा पुन्हा दाबायला हवा. दोनदा दाबल्यानं रसाचं काही बिघडत नाही. पण त्यात संध्याकाळ झाली असती, आणि कंटेनर दुपारच्या आत बंदराजवळच्या जासईच्या यार्डात पोचायला हवा होता. कच्च्या बाटल्या वाटेत नासणार हे तिला दिसत होतं. नासलेली बाटली फुगते, पण त्यातली एखादी न फुगताच एखाद्या लहान मुलाच्या पोटात गेली तर?

"मिसलला म्हंजे? कोनी मिसलला?" शेठनी विचारलं.

इथेच घोडं अडलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर सासूबाई ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नारळ फोडणाऱ्या बाईचं नाव, मंगल दिवशी, भरल्या कारखान्यात, सुनेनं घ्यायचं? लग्न झाल्यापासून या बाईपुढे तिनं साधा आवाज चढवला नव्हता. नामा आपल्या चपलांकडे बघत होता. यार्डातल्या लोकांशी बोलत असलेला नवरा दिपेश फोनवर हात ठेवून म्हणाला, "अगं, चार पेट्यांनी काय होतंय? टेन्शन नको वाढवू ना." कुणी ओरडत नव्हतं, कुणी तिचा हात धरत नव्हतं. सगळे नुसते तिच्या पेनाकडे बघत होते.

"माझ्या हातून झालं, बाबा," ती शेवटी म्हणाली. "पेट्या मीच हलवायला सांगितल्या. पण गाडी सोडू नका."

शेठनी कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "चूक तुजी, आनि थांबायचं आमी? कर सही."

म्हणजे खोटं बोलूनही ती होती तिथेच राहिली. तिनं पेनाचं टोपण काढलं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. आपली सून मोठी खंबीर, असं शेठ चारचौघांत सांगत, ते काही खोटं नव्हतं.

कोपऱ्यात ताट वाजलं. सरस्वतीबाईंनी ते जमिनीवर ठेवलं होतं. त्या उठल्या, पदर खोचला, थेट शीतगृहात शिरल्या आणि एक पेटी फरफटत बाहेर घेऊन आल्या. पूजेची पेटी, पिवळ्या पट्टीवरून, मागे.

"पेट्या मी आनवल्या," त्या धापा टाकत नवऱ्याला म्हणाल्या. "ही माज्यासाठी खोटं बोलते, आनि तुमी हिच्याकडनंच सही मागता? नामा, बघतोस काय, उचल सगल्या. देवाला काय सांगायचं ते मी बघीन."

शेठनी सुनेपुढचा कागद उचलून घेतला. मग दिपेशला हात करून म्हणाले, "सांग त्यांना, कंटेनर आज येत नाय."

नामानं पहिली पेटी मशीनकडे नेली. आता उन्नतीला हायसं वाटायला हवं होतं. ती मात्र मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडायला लागली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं, तशी आणखीच रडली.

"आता काय झालं रराया? तुज्या मनासारखं झालं ना?" हरेशशेठना काही कळेना. एवढी द्राक्षं दाबून दाखवलेल्या माणसाला खरं तर कळायला हवं होतं, की दाब आता एका बाजूनं सुटला होता.