आवाज पिणारी चादर

नरसव्वाचं लेकरू सकाळपासून रडलं नव्हतं. यंत्रमागाशेजारच्या झोळीत ते गप्प होतं. आज याला एवढी झोप कुठून आली, तिला कळेना. पूर्वी मागांच्या खडखडाटातही तिला त्याचं रडणं ऐकू यायचं. आता सोलापुरात आवाज पिणारी चादर निघत होती. शहरातली माणसं शांत झोपायला ती विकत घेत. इथं मागांवरही त्याच चादरीच्या खोळी होत्या आणि कारखाना मसणासारखा शांत होता.

तिनं झोळीत डोकावलं. पोराचं तोंड वासलेलं, चेहरा लालभडक, पण आवाज नाही! घाबरून तिनं त्याला बाहेर उचललं, तसा घोगरा, फाटका टाहो कारखानाभर गेला.

झोळी चादरीच्याच तुकड्याची होती, तिनंच विणलेली. तिनं रिकाम्या झोळीत तोंड घालून हाक मारून बघितली. तिची हाक तिलाच ऐकू आली नाही.

मुकादम इरेशम धावत आला.

"कवापासून रडालंय काय की, मामा! मेलं असतं तरी कळलं नसतं!"

इरेशमनं दाराकडं बघितलं. "शेठ गिऱ्हाईक घेऊन आलेत, शांतता दाखवायला. ठेव गं त्याला परत झोळीत."

कुणावर ओरडावं तिला कळेना. चादर तर तिनंच विणली होती. रडतं पोर छातीशी धरून ती दाराकडंच निघाली.