ब्रेकमधली हवा

"पोरी, पेडल दाब," जीपखाली शिरलेले सासरे ओरडले. "आता धर!"

स्टिअरिंगमागे बसलेल्या तिच्या अंगावर काटा आला. हुबेहूब धनाजीचा, तिच्या नवऱ्याचा आवाज! सासरे सुनेशी कधी मोठ्यानं बोललेच नव्हते, मग हे साम्य तिला कळणार कसं? मांडीवरची लेकही भिरभिर बघू लागली.

इंजिनाचे नोझल धनाजीनंच साफ केले होते. ब्रेकमधली हवा काढायची तेवढी राहिली आणि तापाचं निमित्त होऊन तो गेला. उद्या गिऱ्हाईक जीप नेणार होतं.

"सोड. दाब. धर!" हळूहळू पेडल दगडासारखं टणक झालं.

"झालं का गं घट्ट?"

"नाही मामंजी," ती म्हणाली. "अजून हवा आहे."

ब्रेकच्या नळीतून बाटलीत उतरणाऱ्या तेलात आता एकही बुडबुडा नव्हता, हे सासऱ्यांना खालून दिसतच होतं. क्षणभरानं त्यांनी पुन्हा आवाज चढवला, "दाब, पोरी!"